आबा, साधी घ्यावी का तेज

आबा, कंपनीची गाडी चार्जिंगला लावलीय, ती भरेपर्यंत मला दुसरं काम नाही, म्हणून तुमच्याशी बोलत बसलोय. बोलतोय म्हणजे मोबाइलवर लिहितोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि माझी शाळा दर वर्षी दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकात बसून ऊसतोडीला निघायची, त्यामुळे माझ्या लिहिण्याचं तुम्ही मनावर घेऊ नका. तुम्ही गेलात तेव्हा असल्या गाड्या आपल्याकडं नव्हत्या. हिला डिझेल लागत नाही, गिअर नाही, आवाज नाही, विजेवर चालते. बंगळुरात आल्यावर पहिल्यांदा हातात दिली, तेव्हा ती चालू झालीय हेच मला कळलं नाही. मी आपला बटण दाबतोय, दाबतोय, आणि शेजारचा ड्रायव्हर पोट धरून हसतोय. तेव्हापासून विमानतळावर लोकांना सोडायचं आणि तिथून आणायचं, हेच चाललंय. फक्त कंपनीच्या गाडीचा वेग बांधलेला असतो. एका आकड्यापुढं ती जातच नाही, पाय कितीही दाबा. समोर रस्ता मोकळा असतो, ऊन कोवळं असतं, आणि गाडी म्हणते, बास. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. मी एका जागी नीट जेवायलासुद्धा बसत नव्हतो. इतकी वर्षं असं बांधून घेतल्यावर डोक्यात एकच खूळ बसलं, की स्वतःची गाडी घ्यायची आणि घ्यायची तर तेज घ्यायची.

आज सकाळी त्याच कामाला शोरूमला गेलतो. काय करून आलो ते सांगतो, पण आधी हे ऐका. मी ठरवलेली गाडी दोन प्रकारांत मिळते, साधी आणि तेज. रंग तोच, दारं तीच, सीटा त्याच, बाहेरून दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर तुम्ही ओळखणार नाही. फरक सगळा आत, मोटारीत. साधी आपली निघते आणि जाते. तेज गाडीला पाय लावला की पाठ सीटला चिकटते. एवढ्याशा फरकाचे ते जे पैसे मागतात ते ऐकून माझा धारूरचा दोस्त, लग्नाआधी आम्ही दोघं एका खोलीत राहायचो आणि तोही टॅक्सीच चालवतो, तो माझ्यावर खेकसलाच. म्हणाला, "येडा झालास का बे? हितल्या ट्राफिकात समदं बैलगाडीच्या चालीनं जातंय. सिग्नल सुटला की तू समद्यांच्या म्होरं जाशील, आन मंग काय? म्होरल्या सिग्नलला जाऊन आमची वाट बघत उभा ऱ्हाशील." मी म्हणालो, तुला कळत न्हाई. तर म्हणतो, "मला न्हाई कळत, पण मागं बसलेल्या साहेबाला कळंल. दोनदा जोरात दाबलीस की तो तुझ्या नव्या सीटवर वकंल. आन बॅटरी उतरंल ते निराळंच." त्याचं सगळं खरं होतं. धंद्याला तेज गाडीचा काही उपयोग नाही हे मलाही कळत होतं. उलट नुकसानच. तरी मागच्या आठवड्यात मी ट्रायलला तीच मागितली आणि बायकोला आणि पोरीलाही बरोबर नेलं.

तुमची सून तुम्ही बघितली नाही. नेकनूरकडची आहे, बोलायला कमी. पोरीला मांडीवर घेऊन ती मागं बसली होती. शोरूमचा पोरगा माझ्या शेजारी. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, आता दाबा सर. मी दाबली. आबा, काय सांगू तुम्हाला. आवाज काही नाही, आणि झाडं एकदम मागं फेकल्यासारखी. मी हसलो. ठरवून नाही, आपोआपच हसू फुटलं, आणि ते थांबेना. बायकोनं पुढच्या सीटला गच्च धरलेलं मला आरशात दिसत होतं, पण मी आणखी एकदा दाबली.

घरी आल्यावर ती भाकरी थापायला बसली, मी तिथंच दाराला टेकून उभा. पैशाचं कसं बसवायचं ते मी मोठ्यानं बोलत होतो, म्हणजे खरं तर एकटाच बोलत होतो. साधी घेतली तर आपल्याच्यानं होतंय, तेज घेतली तर दर महिन्याला ओढाताण. तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसला आणि म्हणाली, "तुमाला तीच पायजे ना? मंग घ्या." मी म्हणालो, आणि पैसं? तर म्हणाली, "मी संध्याकाळची आनखी दोन घरं धरते." सकाळी ती तीन घरी स्वयंपाकाला जाते, तेवढ्यानंच तिची पाठ धरते. मी विचारलं, पोरीचं काय? "शेजारणीकडं ठिवीन की." आणि मग भाकरी उलटता उलटता, माझ्याकडं न बघता, "तुमाला असं हसताना मी आपल्या लग्नातबी बघितलं न्हाई." मला बरं वाटलं, आबा. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी जाऊन तेज गाडीचं बुकिंग करून टाकलं. आणि त्यानंतर, का कुणास ठाऊक, मला तुम्ही दिसायला लागलात. गाडी चालवताना, जेवताना. तुम्ही चालताय आणि तुमच्या हातात कासरा आहे.

नेकनूरच्या बाजाराचा तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी विसरलो नाही. आपल्या तांबड्याचा जोडीदार त्या साली आजारानं मेला होता, आणि तोडीला निघायच्या आत दुसरा बैल बघायचा होता. तुम्ही मला बरोबर नेलं होतं. बाजारात शिरल्या शिरल्या तुम्हाला एक लाल कंधारी पसंत पडला. बुटका, रुंद, तांबड्यासारखाच गरीब चालीचा. तुम्ही त्याचे दात बघितले, त्याला चार पावलं चालवून बघितलं आणि मान हलवली. तुमच्या मनात तो भरला होता. आणि मी मात्र पलीकडं बांधलेल्या खिलारापाशी जाऊन उभा राहिलो होतो. पांढराशुभ्र, उंच, मागं वळलेली शिंगं, आणि एका जागी पाय ठरत नाही. मी म्हणालो, आबा, ह्यो घेऊ. तुम्ही म्हणालात, "आरं, ह्यो शर्यतीचा माल हाय. आपल्याला ऊस वढायचाय." मी म्हणालो, ह्योच. आणि मग मी रडलो नाही, भांडलो नाही, नुसता त्या बैलाकडं बघत उभा राहिलो. त्याच्या कपाळावरून हात फिरवला तर त्यानं मान उडवली आणि मी हसलो. ते हसताना तुम्ही मला बघितलंत. दलालानं खांद्यावरचा पंचा काढून तुमच्या हातावर टाकला, खाली तुमची बोटं त्याच्या बोटांत गेली. तो मुंडी हलवत नाही म्हणत होता. तुम्ही एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पंचाखाली तुमचा हात थोडा हलला. दलालाची मुंडी थांबली. वर टाकलेलं ते बोट केवढ्याचं होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. बाजारात सौदा असाच झाकून करतात, आणि तुम्ही पुढं कधी बोलला नाहीत.

मग तो अख्खा हंगाम. जू एक आणि चाली दोन. पांढरा दोन पावलं टाकायचा तेव्हा तांबड्याचं एक पडायचं. जू तिरकं व्हायचं, तांबड्याची मान घासायची. दुसरे गाडीवान उसाच्या मोळ्यांवर पाठ टेकून झोपा काढत जायचे, बैलांना कारखान्याचा रस्ता पाठ असतो. तुम्ही मात्र खाली उतरून पांढऱ्याची वेसण धरून त्याच्या शेजारून चालायला लागलात, फडापासून कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत, रोज. वर मोळ्यांवर मी झोपलेलो. मागून येणारे गाडीवान ओरडायचे, "अय गाडीवान, तिसरा बैल जुपलाय का रं?" तुम्ही हसून म्हणायचात, "व्हय, तिसरा सस्तात पडला." लोक हसायचे. वर पडल्या पडल्या मीही हसायचो.

आणि एकदा तुम्ही काट्यावर पावती आणायला गेलात, गाडी रिकामी होती, कासरा माझ्या हातात. शेजारच्या गाडीवरच्या पोरानं डिवचलं, तुझा पांढरा नुसता दिसायला हाय. मी चाबूक ओढला. पांढरा असा सुटला की अंगात वारं शिरलं. मागून तुम्ही ओरडत पळत आलात ते मला ऐकू आलं नाही. कारखान्याच्या वळणाला गाडी थांबली ती तांबडा गुडघ्यावर आला म्हणून. तुम्ही मला मारलं नाही. चाबूक हातातून काढून घेतलात, तांबड्याला उठवलंत, त्याच्या मानेवरचं रक्त पटक्याच्या पदरानं टिपलंत आणि धाप लागली होती तरी हळू आवाजात म्हणालात, "ह्या पांढऱ्याला पळायचंय आन तुलाबी पळायचंय. ह्या तांबड्याला कुनी इचारलं का?" तेवढंच. त्या दिवशी संध्याकाळी पाचटाच्या कोपीपुढं माय तुमच्या तळव्यातलं उसाच्या खोडक्याचं मोडकं टोक सुईनं काढत होती. तुम्ही पळताना ते बुटातून आत गेलं होतं. ती चिडून म्हणाली, "कावून घेतला वो ह्यो बैल? जोड जमत न्हाई हे तुमाला कळत न्हवतं व्हय?" मी चुलीच्या पलीकडं बसलो होतो. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, "बाजारात चांगला दिसला. भुललो." त्या पायानं तुम्ही पुढं कायम जरा लंगडतच चाललात, आणि माय अजूनही पाहुण्यांना सांगते, दलालानं आमच्या मालकाला फसवलं. मी ऐकतो आणि गप्प बसतो. हे लिहिलेलं म्हणूनच तिला पाठवता येणार नाही. तिच्यापाशी राहणारा भाचा वाचून दाखवील आणि तिला खरं कळेल.

तर आज सकाळी मी शोरूमला गेलो आणि म्हणालो, तेज नको, साधी लिहा. तो पोरगा हिंदीत समजावत राहिला. सर, नंतर मोटार बदलून मिळत नाही, पस्तावाल, एवढं मन होतं तुमचं. मी म्हणालो, लिहा साधी. आणि सही केली. बाहेर आलो तेव्हा छाती जरा पुढं काढूनच चालत होतो. वाटलं, तुम्ही असता तर काही बोलला नसता, पण तुम्हाला कळलं असतं. तिथंच फुटपाथवर उभा राहून बायकोला फोन लावला. म्हणालो, साधी घेतली. ती म्हणाली, "कावून? काय झालं?" मी म्हणालो, काय न्हाई, धंद्याला तेवढी बास हाय. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं.  मागं कुठल्या तरी घरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ती म्हणाली, "मी तर त्या दोन घरांना हो म्हणून बसले. उद्यापासून जायचंय. आता न्हाई म्हणलं तर ते तोंडावर म्हणतील, शब्दाला जागत न्हाई म्हणून. जाते मी. तेवढीच भर." पोरीला शेजारणीची सवय लावायला कालच नेऊन सोडली होती, थोडी रडली, मग खेळली, असंही तिनं सांगितलं.

आबा, तेव्हा मी म्हणायला पाहिजे होतं, राहू दे, जाऊ नको, तू पोरीपाशी बस. बोलायला वेळ होता, ती फोन धरून उभी होती. पण माझ्या डोक्यात आधी दुसरंच आलं. ही जाणारच होती तर तेज घेतली असती तरी चाललं असतं. हे पहिलं आलं, तिच्या पाठीचं नंतर आलं. मग मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. जाऊ नको म्हणून मी तिला अजून सांगितलेलं नाही.