टिंबाचा कॉमा

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९
पिंपळगावच्या पॅकहाउसमधून मॅनेजर उज्ज्वलाताईंचा फोन. तिथे पेट्यांची लेबलं छापणारं सॉफ्टवेअर माझं आणि कोल्ड स्टोरेजचं टेम्परेचर सांभाळणारंही माझंच. हॉलंडच्या गिऱ्हाइकाला द्राक्षाच्या पेटीवर ४.५ किलो नको, ४,५ किलो हवंय. त्यांच्याकडे पॉइंटच्या जागी कॉमा असतो. कंटेनर गुरुवारी दुपारी दोनला सुटणार. म्हणालो, दोन तासांचं काम आहे, ताई.
संकल्प: या वेळी नीट टेस्टिंग. जुगाड नाही.

संध्याकाळी ६
कोड उघडला. आकडे छापणाऱ्या ओळी दोनशे चौदा. कोड बंद केला. उद्या ताज्या डोक्याने.

४ फेब्रुवारी, मंगळवार
पॅकहाउसला गेलो. मार्ग सापडला. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन इंडियाचं नेदरलँड्स केलं. लेबलवर लगेच ४,५. दोनशे चौदा ओळींना हातसुद्धा लावला नाही. यालाच इंजिनिअरिंग म्हणतात.
ताईंनी विचारलं, याच कॉम्प्युटरवर चेंबरचं टेम्परेचर चालतं, त्याला काही होणार नाही ना? सांगितलं, कॉमा म्हणजे फक्त कपडा, आतला आकडा तोच. वाक्य मलाच आवडलं. व्हिजिटिंग कार्डवर टाकायला हरकत नाही.
टेस्टिंग: अर्धा तास स्क्रीनकडे बघितलं. चेंबर तीन, उणे ०.५. ढिम्म हललं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ८.१०
पुंजाकाकांचा फोन. वीस वर्षं कंप्रेसर सांभाळतात, पण कॉम्प्युटरवर विश्वास नाही. "सर, पहाटं लाइट गेली व्हती. कॉम्प्युटर परत चालू झाला, तवापासून चेंबर तीनला उणे पाच दावतोय." सांगितलं, डिस्प्लेचा प्रॉब्लेम. कशाला हात लावू नका.

८.२५
परत फोन. "कॉइलवर बर्फ लय धरलाय. आत बाराशे पेट्या हायेत, सर." म्हणालो, हवा दमट असेल. तरी निघतोय. केवळ कर्तव्य म्हणून.

९.०५, ओझर
जाम. ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर. आत्ता लक्षात आलं. चेंबर किती थंड ठेवायचा, ते माझ्या फाइलमध्ये उणे ०.५ असं पॉइंटने लिहिलंय. हॉलंडमध्ये पॉइंट म्हणजे हजाराची खूण. प्रोग्राम नव्याने सुरू झाला, त्याने ती खूण गाळली. उरले उणे पाच. म्हणजे डिस्प्ले बरोबर आहे. चेंबर खरंच उणे पाचकडे निघालाय. उणे तीनच्या आसपास द्राक्षाचा मणी गोठतो, मग माल फेकायचा.
ताईंना फोन करायला हवा. नेटवर्क नाही. म्हणजे दोन काड्या आहेत, पण हायवेवर भरवसा नसतो.

९.४०
पुंजाकाकांनी माझं न ऐकता साडेआठलाच कंप्रेसर बंद केला होता. मण्यात थर्मामीटरची सुई खुपसून उकिडवे बसले होते. उणे १.४. त्यांनी चार पेट्या उघडल्या, प्रत्येकीतला मणी चाकूने कापला. हिरवा, घट्ट. चौथ्याला ताई भिंतीला टेकल्या. मी दारापाशी उन्हात सरकलो. चेंबर थंड होता.
म्हणालो, बंद करायचं बटण मी सिस्टीममध्ये मुद्दाम ठेवलं होतं. पुंजाकाका म्हणाले, "मेन स्विच पाडला, सर. तुमचं बटण चालंना."
सेटिंग परत इंडिया. ताईंचा हुकूम: कंटेनर सुटेपर्यंत कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. ठीक. घरी बसून दोनशे चौदा ओळी आजच दुरुस्त करतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११
एकतीस झाल्या. कंटेनर गेटवर उभा. बाराशे लेबलं टिंबाचीच छापली. ताईंनी पॅकिंग हॉलमध्ये बारा बाया बसवल्या, प्रत्येकीच्या हातात काळं पेन. एकेका टिंबाला शेपूट काढायचं, झाला कॉमा. म्हणालो, या काळात हे शोभत नाही. ताईंनी तेरावं पेन माझ्या हातात दिलं.

दुपारी १
मी चाळीस केली. मुकादम लताबाईंनी तेवीस परत केली. "सर, हा कॉमा नाय, एक झालाय. चारशे पंधरा किलो वाचतील तिकडं. ऱ्हाऊ द्या, तुम्ही पेट्या मोजा."
पेनच खराब होतं.

२.३०
कंटेनर वेळेवर सुटला. ताई म्हणाल्या, लेबलं उद्यापासून दुसरीकडून छापून आणू. चेंबरचं टेम्परेचर पुंजाकाका पॅनलवर हाताने लावतील. विचारलं, मग माझं सॉफ्टवेअर? त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. म्हणाल्या, "खाली कोपऱ्यात वेळ बरोबर दाखवतं."
ती वेळ विंडोज दाखवतं. मी थँक्यू म्हणालो.