आणायला कोणी येणार नाही

मी, मोहिनी नवसू लोहकरे, वय १९ वर्षे ४ महिने, यंत्र अभियांत्रिकीची पदविका उत्तीर्ण, सध्या मुक्काम घरमालकीण सोनीबाईंची माडीवरची खोली, जुनी बाजारपेठ, जुन्नर, हा लेख स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आईचे सकाळपासून चार फोन आले, पण ते मी दडपणात धरत नाही.

मी मरणार नाही. बुधवारी १५ जुलैला सकाळी आठ वाजता मला चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात रुजू व्हायचे आहे. त्यामुळे मंगळवारी माझे विद्यार्थीपण संपते. या खोलीची रीत अशी की, जाणाऱ्या मुलीने मृत्युपत्र लिहायचे आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचे. मागे एका बादलीवरून दोन मुली वर्षभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या, तेव्हा सोनीबाईंनी ही रीत घातली. रीत चांगली आहे. माझ्याआधीची दोन मृत्युपत्रे अजून दारावर आहेत आणि दोन्हींत बादलीचा उल्लेख आहे.

कलम १. वारस आणि अट. माझी धाकटी बहीण आशा, वय १६, यंदा आश्रमशाळेतून दहावी झाली. तिला माझ्याच कॉलेजात पदविकेला जागा मिळाली आहे. मंगळवार, १४ जुलै, संध्याकाळी पाचच्या आत तिने तिथे हजर व्हायचे आहे, नाहीतर जागा जाते. अर्जावर वडिलांची सही झालेली आहे. ती आमच्या वाडीवरून स्वतः, एकटी, वेळेत येऊन हजर झाली, तर कलम २ ते ५ मधील सर्व वस्तू तिच्या. नाही झाली, तर सोनीबाईंनी त्या पुढच्या मुलीला द्याव्यात.

कलम २. वर्निअर कॅलिपर, १५० मिमी. हा शून्यावर असताना ०.०४ मिमी जास्त दाखवतो. प्रत्येक मापातून तेवढे वजा करावे. कार्यशाळेच्या भांडारातले दादाभाऊ म्हणतील, "दुसरा देतो की, हा कशाला वापरती?" दुसरा घेऊ नये. दुसऱ्याची चूक किती आहे ते कोणालाच माहीत नाही.

कलम ३. गणिताची पहिल्या सत्राची वही. या विषयात मी पहिल्या वेळी नापास झाले. आश्रमशाळेत बाईंनी "समजलं का?" विचारले की आम्ही चाळीस जणी एका सुरात "हो" म्हणायचो. इथे पहिल्या तासाला सरांनी तेच विचारले आणि पूर्ण वर्गात मी एकटीच मोठ्याने "हो" म्हणाले. मला काहीही समजले नव्हते. पुढे सर माझ्याकडे बघूनच पुढचे गणित घ्यायचे. आशाने समजले नाही तर नाही म्हणावे. त्या क्षणी कान गरम होतात. दोन मिनिटांत पूर्ववत होतात.

कलम ४. कागदांची निळी फाईल, एप्रन, कुलूप, बादली. फाईलमध्ये प्रत्येक दाखल्याच्या तीन झेरॉक्स आणि आठ फोटो कायम असावेत. जातीच्या दाखल्याची मूळ प्रत कोणाच्या टेबलावर ठेवून चहाला जाऊ नये. सूचना फलकावर लागते, ग्रुपवर नंतर येते, कधी येतच नाही, म्हणून फलक रोज वाचावा. घंटा होत नाही. जेवायची तर नाहीच.

यावरून ताटाचे लिहिणे भाग आहे. आश्रमशाळेत ताट-वाटी ज्याची त्याने न्यायची असते. पहिल्या दिवशी मी कॉलेजात ताट घेऊन गेले. नाव कोरलेले स्टीलचे ताट, पाठपिशवीत, वह्यांच्या मागे. कॅन्टीनमध्ये ते बाहेर काढल्यावर शेजारच्या टेबलावरचा, माझ्याच वर्गातला चांगदेव म्हणाला, "मॅडम, पंगत आहे का?" ताट आशाला देत आहे. ते खोलीतच ठेवावे.

कलम ५. लेथवर कापून काढलेला लोखंडी तुकडा, म्हणजे जॉब, व्यास २४.७ मिमी, हवा होता २५. हा वरील चांगदेवला द्यायचा होता, पण तो घेणार नाही, म्हणून आशालाच. दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकात मी हळू काम करत होते. तो म्हणाला, "सरक, मी करून देतो, तुझा वेळ जाईल." मी सरकले. त्याने घाईत तीन दशांश जास्त कापले, आणि तोंडी परीक्षेत उत्तरे मला द्यावी लागली. त्याच्या मनात वाईट नव्हते, हे मी लिहून ठेवते. राग मात्र मी सोबत नेत आहे, तो कोणाच्या नावे करत नाही. आशाने आपल्या मशीनपुढून सरकू नये. जॉब चुकला तर स्वतःच्या हाताने चुकू द्यावा.

कलम ६. मी आशाला आणायला का जात नाही. हे कलम सोनीबाईंच्या आग्रहावरून घातले आहे. त्या म्हणाल्या, "लिही बाई, नाहीतर लोकं म्हणतील थोरली निर्दय होती."

आज सोमवारी आईशी झालेले बोलणे असे:

"मोहने, जा की गं, घेऊन ये तिला. एक दिस जड झाला का तुला?"

"ती सोळा वर्षांची आहे, आई."

"म्हणूनच म्हणते. घोडेगावला गाडी बदलायची, तिला काय ठावं? तुझ्या बापाला तर जमायचं न्हाई, भाताची आवणी अर्धी व्हायचीय."

"गाडीला पाटी असते."

"पाटी! लई शिकली तू. काळजाच्या जागी लोखंड बसवलं तुझ्या त्या कॉलेजानं."

मग आशा फोनवर आली. "ताई, तू येणार नसशील तर मी नाय येणार."

मी "बरं" म्हणाले. मग फोन ठेवला गेला. कोणी ठेवला ते इथे लिहिण्याची गरज नाही.

आता कारण. आश्रमशाळेत मूल पोचवायला पालक येतो, न्यायलाही पालक येतो. रजिस्टरवर त्याची सही किंवा अंगठा झाल्याशिवाय मूल फाटकाबाहेर पडत नाही. मी दहा वर्षे अशीच सही होऊन बाहेर पडले. कॉलेजच्या पहिल्या दिवाळीला सुट्टी लागली, खोलीतल्या दोघी गेल्या, आणि मी पिशवी भरून सोनीबाईंच्या ओट्यावर बसले.

"काय गं, गाडी चुकली?" सोनीबाईंनी विचारले.

"नाही. वडील न्यायला येणारेत."

"कळवलंस का त्यांना?"

"कळवायचं कशाला? सुट्टी लागली की येतात."

त्या दिवशी ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. घरी वडील भात काढत होते, आणि त्यांची समजूत अशी की कॉलेजाचा निरोप आला की जायचे. कॉलेज निरोप पाठवत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सोनीबाई चकलीचा सोऱ्या घेऊन बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "अगं पोरी, तुला कुणी कोंडलंय का?" त्यांनी विचारले. मी खरोखरच विचार करू लागले.

मी स्टँडवर गेले आणि गाडीत बसले. घरी पोचले तेव्हा वडील खळ्यावर होते.

"कुणी सोडलं तुला?"

"कुणी नाही. मीच आले."

त्यांनी माझ्या मागच्या वाटेकडे दोनदा पाहिले. मग मला पाणी दिले. पाहुण्याला देतात तसे, तांब्याखाली ताटली धरून.

ते दोन दिवस ओट्यावर बसून राहिल्याची मला अजून लाज वाटते. मी आशाला आणायला गेले तर ती दिवाळीत माझी वाट बघेल, आणि मी चाकणला असेन. एवढेच कारण आहे. माझे चुकत असेल तर तिची जागा जाईल आणि दोष माझा राहील, हे मला माहीत आहे. ते वजन मी मोजलेले नाही.

कलम ७. सोनीबाईंना: गॅलरीतली कढीपत्त्याची कुंडी. गिझर मी कधीही चालू ठेवला नव्हता. तो खोलीतल्या पिंपरी पेंढारच्या रत्नाने ठेवला होता. तीन वर्षे गप्प राहिले, आता लिहीत आहे.

पुरवणी, मंगळवार १४ जुलै, संध्याकाळी ७. सकाळच्या गाडीने आशा साडेअकरापर्यंत जुन्नरला यायला हवी होती. आली नाही. तिच्याकडे फोन नाही. घरचा लागत नव्हता. साडेबाराची गाडी आली, तिच्यातही नव्हती. १ वाजून ५ मिनिटांनी मी स्टँडवर घोडेगावच्या गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवलेला होता, हे कलम ६ च्या विरुद्ध असले तरी नोंदवते. तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, मी नारायणगावात हाय."

"नारायणगावात कशी?"

"घोडेगावला चुकीच्या गाडीत बसले. ओरडू नको. इथल्या एका मावशीचा फोन घेतलाय. जुन्नरची गाडी लागलीय, मी विचारलंय, दोघांना विचारलंय. तू कुठं हायेस?"

"स्टँडवर."

"कशाला?"

मी पाय खाली घेतला. कंडक्टर म्हणाला, "ताई, यायचं का नाय ते ठरवा राव." मी नाही म्हणाले.

आशा आली ती डोक्यावर पोत्याची घडी घेऊन, कारण छत्री आईने दुसऱ्या पिशवीत घातली होती आणि ती पिशवी घरी राहिली. मी तिला कॉलेजचा रस्ता सांगितला. ती गेली. मी खोलीत बसून हाच कागद पुन्हा वाचला. ४ वाजून १० मिनिटांनी ती हजर झाल्याची पावती घेऊन परत आली. पावतीवर तिचे नाव चुकीचे छापले होते, ते तिने खिडकीवर उभे राहून बदलून घेतले होते. कलम १ ची अट पूर्ण झाली.

आत्ता ती माझ्या पिशवीची चेन ओढून बघत आहे.

"उद्या किती वाजताची गाडी?"

"सव्वापाच."

"मी येते स्टँडपर्यंत."

"गरज नाही."

"गरज नाय ते ठावं हाय."

घड्याळात पावणेपाचचा गजर लावला आहे, दोघींसाठी.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो बरोबर आहे, आणि साक्षीदारांसमोर सही करत आहे.

मोहिनी नवसू लोहकरे

साक्षीदार:
१. सोनीबाई गोकुळ ढोबळे, घरमालकीण (गिझरबाबतचा मजकूर वाचला, मान्य नाही. बाकी मान्य.)
२. दादाभाऊ, कार्यशाळा भांडार

स्थळ: जुन्नर
दिनांक: १४ जुलै २०२६