शून्य टक्के इन्फेक्शन

३ मार्च
ठरलं. महिनाअखेर थीसिस संपवायचा. बायकोला फोनवर तसं सांगितलं. ती तिच्या नोकरीच्या गावी, मी इथे लॅबमध्ये, लग्न झाल्यापासून हेच. म्हणाली, एकतीसला आला नाहीस तर यापुढे मला तारीख सांगू नकोस. काहीतरीच. मी शब्दाचा पक्का आहे.

५ मार्च
विषय तसा सोपा. लाल पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, त्याच्या आधाराने मलेरियाचा जंतू आत शिरतो. कोलेस्टेरॉल काढलं की दार बंद. अडचण एकच, हे जंतू. रोज खाद्य बदला, वरचेवर ताजं रक्त द्या. सुट्टी नाही. जावयाचे पुरवावेत तसे लाड. मी स्वतः सासुरवाडीला कधी गेलो होतो, आठवत नाही.

९ मार्च, रविवार
बायको म्हणाली, दोन दिवस तरी ये. म्हटलं, जंतू उपाशी मरतील. "मग त्यांनाच जप," म्हणाली आणि फोन ठेवला. माझी निष्ठा तिच्या मनाला भिडली असावी.

१४ मार्च
कोलेस्टेरॉल काढायची पांढरी पावडर घातली. तरी थोडे जंतू शिरलेच. गाइड मॅडम म्हणाल्या, मात्रा बेताबेताने वाढव. बेताने वागून कुणी मोठं झालेलं नाही.

१८ मार्च
दहापट घातली.

१९ मार्च
इन्फेक्शन शून्य! नळीतलं पाणी मस्त लाल झालंय. पावडर पांढरी होती, पण असेल काही रिॲक्शन. बायकोला कळवलं. कपाटाचा एक कप्पा रिकामा करते म्हणाली. हँगर सरकवल्याचे आवाज फोनवरच ऐकू आले. मीही बॅग काढून ठेवली.

२० मार्च
उरलेल्या जंतूंवर ब्लीच ओतलं. आता त्यांची गरज काय? सुटलो.

२४ मार्च
मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. विचारलं, लाल पेशी कुठे आहेत? म्हटलं, इन्फेक्शन झालेली एकही नाही.
"ते सोड. साधी एक तरी दाखव."
शोधली. नव्हती. इतकं कोलेस्टेरॉल काढलं की सगळ्या फुटल्या. पाणी म्हणून लाल.
"अख्खं घर पाडलंस," मॅडम म्हणाल्या, "आणि चोर शिरला नाही म्हणून नाचतोयस."
नाचलो नव्हतो. कॉरिडॉरमध्ये जरासा, तेवढंच.
जंतू परत मागवून, वाढवून, सगळं पहिल्यापासून. त्यांच्या मते सहा महिने. माझ्या मते पाच.

३१ मार्च
बायकोला फोन केला. झालं ते सांगितलं. तारीख सांगायची नव्हती, त्यामुळे मला दुसरं काही सुचेना. तारखा सोडून आम्ही कधी काही बोललोच नव्हतो. फार एकटं वाटलं.
"झोप आलीय, ठेवते," ती म्हणाली.
बाहेर चांगलं ऊन होतं.