जाळीखालचं पाणी

३ एप्रिल १९६६

माय सकाळीच मिलच्या फाटकावर. गाडगं पुढे धरलं — आत पांढरं पाणी, ताकासारखं. "हे पाह्य तुह्या मिलचं. झिरा बुजून राह्यला. रेतीत हात घातला तं नुसता चिखल लागते."

खरं आहे. कागद पांढरा, गुळगुळीत व्हावा म्हणून लगद्यात चिनी माती घालतो. निम्मी कागदात राहते, निम्मी मशीनच्या जाळीतून गळून पाण्यासोबत नाल्यात. मिलने विहीर खोदल्यापासून उन्हाळ्यात नाल्याला दुसरं पाणीच नाही. आमची वस्ती खालच्या अंगाला, रेतीत झिरा उकरून पिते. धम्म घेऊन दहा वर्षं होत आली, तरी गावच्या विहिरीवर आमच्या घागरी चालत नाहीत. आणि या मिलचा केमिस्ट मी. लाज वाटते.

५ एप्रिल

मॅनेजर माणिकरावांशी बोललो. "सहदेव, माती वाया जाते ते मलेही दिसते. कागदात बसवून दाखव." वस्तीचं नाव काढलं तर पंख्याकडे पाहू लागले. मग मी मातीचंच बोललो.

९ एप्रिल

लगद्यातली तुरटी वाढवली, माती कागदाला धरावी म्हणून. पाणी जरा निवळलं. कागद मात्र कडक — घडी घातली की तुटतो.

१० एप्रिल

माय म्हणते, पाणी तोंडाले तुरट लागते, डाळ शिजत नाही. तुरटी पहिल्यासारखी केली.

१४ एप्रिल

जयंती. पंगतीला पाणी लुगड्याच्या चार पदरांतून गाळलं, तरी वरण कचकचलं. कोणी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

१९ एप्रिल

आता माती धरायला गवारीच्या बियांचा गोंद आणला. घाईत पूड कोरडीच ओतली — गाठी झाल्या, कागदभर डाग. माणिकराव म्हणाले, "डोकं गहाण ठेवलं काय बे?"

२३ एप्रिल

गोंद भिजवून घातला, तरी माती गळतेच. लगदा मशीनवर चढवणाऱ्या पंपाजवळ दिवसभर उभा राहिलो, तेव्हा उमगलं. गोंद माती धरतो आणि पंप ती घुसळून पुन्हा सोडवतो. मूर्ख मी! गोंद पंपानंतर घालायला हवा, जाळीच्या अगदी तोंडाशी.

२५ एप्रिल

जमलं! माती कागदात बसली. जाळीखालच्या पाण्यात तळ दिसतो.

२७ एप्रिल

वस्तीत जाऊन आलो. चिखल काढून झिरा नव्यानं उकरला आहे. बाया वाटीवाटीनं घागरी भरत होत्या. माय ओंजळीनं प्यायली, "गोड हाय" म्हणाली. आज पोटभर जेवलो.

२८ एप्रिल

माणिकराव खूश. पाठीवर थाप मारली. "इतकं निर्मळ पानी नाल्यात काऊन सोडाचं? मशीनलेच लावू परत." फिटरकडून पाइप टाकीकडे वळवलासुद्धा. मी म्हणालो, थोडं तरी सोडा.

"कोनासाठी?" म्हणाले.

२ मे

झिरा आटला. कंबरभर उकरलं, खाली कोरडी रेती. मायनं माझ्याकडे पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, "पांढरं होतं, पन पानी होतं."