भातगिरणीतलं विमान

२ ऑगस्ट, शनिवार

माजिवड्याचा गाळेवालाही नाही म्हणाला! आधी तासभर दाखवत बसला. गाळा तिसऱ्या मजल्यावर. म्हटलं, वस्तू एकोणीस फूट लांब आहे. "मालाची लिफ्ट आहे ना सर, येईल." मग विचारलं, माल काय? सांगितलं. त्याने मग आतल्या माणसाला हाक मारली, "अरे, बाहेर ये, साहेब विमान घेऊन आलेत."

हे आता सवयीचं झालंय. पुण्याकडच्या एका हँगरवाल्याने सांगितलेलं भाडं आमच्या फ्लॅटच्या हप्त्याहून जास्त. मुंबईत तर फोनवरच्या बाईंनी आधी विचारलं, "जेट की टर्बोप्रॉप?" माझं दोन सीटचं, कापडी पंखांचं, तिसऱ्या हाताने घेतलेलं मायक्रोलाइट. मी फोन ठेवून दिला.

धुळ्याच्या फ्लाइंग क्लबने एकतीस तारखेपर्यंत जागा रिकामी करायला सांगितलंय. त्यांचंही बरोबर आहे. मी जूनमध्येच बदली मागून डोंबिवलीत आलो, माझी वस्तू किती दिवस सांभाळतील? विमान वर्षभर उडणार नाहीच. परवाना संपलाय, इंजिन उघडायचंय. फक्त कोरडी, उंदीर नसलेली, डोक्यावर पत्रा असलेली जागा हवी. उघड्यावर ठेवलं तर एका पावसाळ्यात पंखांच्या कापडाची चाळण होईल. मग भंगारवाला.

संचिता म्हणते, "सुमित, विकून टाक." बायको म्हणून तिचं चुकत नाही. पण बेचाळीस तास मी ते एकट्याने उडवलंय. माझ्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काय आहे?

१० ऑगस्ट, रविवार

सोसायटीच्या मीटिंगमध्ये धीर करून विचारलं. मागच्या बाजूची पार्किंगची शेड, चार महिने. सेक्रेटरी मुकुल म्हणाला, "आज विमान, उद्या कोणी रणगाडा आणेल. मग व्हिजिटर पार्किंगचं काय?" सगळे हसले. मीसुद्धा हसलो, गाढवासारखा.

अण्णा माझ्या शेजारीच बसलेले. घरी येताना जिन्यात म्हणाले, "मी ठाण्यात पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांचे नकाशे काढले. पोटच्या मुलाचं यंत्र मात्र फोटोतच पाहिलंय. इथे आलं की मला दाखव हं."

विमान घेतलं तेव्हा आई आजारी होती. मग आई गेली. धुळ्यापर्यंतचा प्रवास त्यांच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. राहूनच गेलं.

१७ ऑगस्ट, रविवार

जागा मिळाली.

लिहायलाच हवं. कुठेतरी खरं लिहायला हवं.

आंबिवलीच्या पुढे आत एक गाव आहे. तिथे बंद पडलेली भातगिरणी. ऑफिसातल्या एकाने सांगितलेलं. लांबच लांब पत्र्याची शेड, उंच छप्पर, मोठा लाकडी दरवाजा, खाली कोबा, आणि तीन मांजरी! मी दारातच प्रेमात पडलो. मालकीण केशरबाई. सत्तरीच्या, नाकात मोठी नथ नाही की काही नाही, कपाळ मोकळं. मुलगा काळुराम बाजूला उभा, पण शब्द तिचाच चालतो हे दोन मिनिटांत कळलं.

"गोदामवाले येतान, बिल्डर येतान. मी कोनाला देत नाय. आमचे मालकांची गिरन हाय ती."

भिंतीवर मालकांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, फोटो. ताजा हार. गिरणी अकरा वर्षं बंद, पण जातं पुसलेलं, पट्टा जागच्या जागी. मी म्हटलं, मीही जपणाराच माणूस आहे. ती म्हणाली, "शौकाचे वस्तूला माझे मालकांची जागा? नाय बाला."

मी वळलो होतो. खरंच वळलो होतो. आणि तोंडातून निघालं, "शौक नाही हो आजी. माझ्या वडिलांची शेवटची आठवण आहे."

एवढंच. पण तिचा चेहरा असा काही बदलला की मला परत फिरता आलं नाही. "कवा गेलं?" "दोन वर्षं झाली." ते आईचं खरं आहे. आईचं मरण उचलून मी अण्णांच्या अंगावर घातलं.

ती चावी घेऊन आली. भाडं नको म्हणाली, फक्त विजेचं बिल भर. "बापसाची वस्तू हाय, तिचं भारा कसा घेऊ?"

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी अण्णांनी चहा करून दिला. त्यांच्याकडे बघवलं नाही. बिस्किट बुडवून विसरलो, कपात विरघळलं.

२४ ऑगस्ट, रविवार

आलं! पंख काढून, गाद्यांत गुंडाळून, ट्रकने. काळुराम आणि गावातली सहा माणसं होती. धड ढकलत आत नेलं. शेपटी दरवाजाला चार बोटं राखून गेली. पंख भिंतीला टेकवून ठेवले, भात ठेवायच्या फळ्यांवर, म्हणजे ओल लागणार नाही. पिवळं धमक दिसत होतं त्या अंधाऱ्या शेडमध्ये. क्षणभर मी सगळं विसरलो. खूप खूश होतो, खोटं कशाला लिहू.

मग केशरबाईने विमानाच्या नाकाला कुंकू लावलं, नारळ फोडला. "बापसाचा नाव काय?"

दुसरं कुठलंही नाव घेता आलं असतं. मी अण्णांचंच सांगितलं, "महिपत."

तिने हात जोडले आणि नवऱ्याच्या फोटोला मोठ्याने सांगितलं, "आयकला का, महिपतराव आलेत. आता तुमी एकटं नाय." काळुरामने डोळे पुसले. केशरबाई म्हणाली, बापसाचा फोटो घेऊन ये, शेजारी लावू. मी मान हलवली. काय करणार होतो?

३० ऑगस्ट, शनिवार

घरी गणपती. अण्णांनी खुर्चीत बसून आरती म्हटली, आवाज अजून खणखणीत. प्रसाद देताना विचारलं, "मग, कधी नेतोस?"

म्हटलं, अण्णा, रस्त्यावर फार चिखल आहे.

"बरं. चिखल वाळू दे."

५ सप्टेंबर, शुक्रवार

केशरबाईने दोनदा फोन करून फोटोची आठवण केली. ऑफिस सुटल्यावर नौपाड्यात एका स्टुडिओत गेलो. मोबाईलमध्ये अण्णांच्या पंचाहत्तरीचा फोटो आहे, त्यातून चेहरा कापून घेतला. शेजारी आईचा खांदा होता, तोही कापला.

स्टुडिओतला माणूस सवयीने म्हणाला, "हार घालायचाय ना? मग बॅकग्राउंड निळं करतो, चांगलं दिसतं."

मी हो म्हणालो! जिवंत बापाच्या फोटोला निळं बॅकग्राउंड पसंत केलं. वर त्याला म्हटलं, कॉलर जरा नीट करा.

दोन प्रती दिल्या. एकावर एक फुकट आहे म्हणे.

७ सप्टेंबर, रविवार

टांगला. खिळा मीच ठोकला. हार केशरबाईने घातला. मी मान खाली घातली, तिला वाटलं दुःखाने. पाठीवरून हात फिरवला. "रर बाला, रर. लाज कसली?"

लाज कसली! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आलो तर अण्णा दारातच. "आज कोरडं होतं ना तिकडे? चपलेला चिखल नाही तुझ्या." मग हसले, टीव्ही लावला. मी आत जाऊन तोंड धुतलं. दोनदा धुतलं.

ठरवलंय, दुसरी जागा मिळाली की विमान हलवायचं, फोटो काढायचा, विषय संपला. कोणाचं काय नुकसान झालं? असं दिवसभर स्वतःला सांगतोय.

१३ सप्टेंबर, शनिवार

पितृपक्ष. व्हायचं तेच झालं. गिरणीत इंजिनाचं कव्हर लावत होतो, केशरबाई येऊन बसली. "तुझे बापसाची कनची तिथ? आमी पन पान वारू. आता ते आमचे घरचं."

तिथी! मला कुठली तिथी माहीत? म्हटलं, आम्ही अमावास्येलाच करतो सगळं. आणि विषय बदलायला घाईघाईने म्हणालो, सोमवारी मात्र मला यायला जमणार नाही, घरी आईची अविधवा नवमी आहे, सवाष्ण जेवायला येते.

ती उठता उठता थांबली. "अविधवा नवमी करता तुमी? अजून?"

"हो. दरवर्षी."

"बरं," म्हणाली. मग नेहमी देते तो चहा न देताच गेली. तब्येत बरी नसेल.

१५ सप्टेंबर, सोमवार

आत्ता कळलं. तिची तब्येत ठणठणीत आहे!

जेवणं झाली. सवाष्णीची ओटी भरली. अण्णा पान चघळत संचिताला सांगत होते, सहज, हवापाण्यासारखं: "ही नवमी मी आहे तोवरच हं. नवरा मागे असताना गेलेल्या बाईची असते ही. मी गेलो की बंद करायची. मग आमचं दोघांचं एकत्र."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

नवरा मागे असताना. केशरबाईला हे माहीत नसेल? त्या गावात लहान मुलीलाही माहीत असेल. मी, चव्वेचाळीस वर्षांचा इंजिनिअर, दरवर्षी खीर ओरपतो आणि ही नवमी कशाची असते ते मला आज कळतं. माझ्या तोंडानेच मी तिला सांगून आलोय की माझा बाप जिवंत आहे!

१७ सप्टेंबर, बुधवार

काळुरामचे तीन मिस्ड कॉल. उचलले नाहीत. ऑफिसात बाथरूममध्ये जाऊन बसलो.

अण्णा जेवताना म्हणाले, "ऊन चांगलं पडतंय दोन दिवस." मी ताट उचलून आत गेलो.

२० सप्टेंबर, शनिवार

गेलो. पळून किती पळणार? विमान तिथे आहे. आणि त्याहून मोठं म्हणजे फोटो तिथे आहे.

भिंतीवर फक्त मालक होते. शेजारी नुसता खिळा. अण्णांचा फोटो केशरबाईच्या मांडीवर, हार काढलेला. पदराने काच पुसत होती.

मी सगळं बोललो. कोब्यावर बसून, मान वर न करता. जागा मिळत नव्हती, तुम्ही नाही म्हणालात, तोंडातून निसटलं, मग निस्तरता आलं नाही. मी शिव्यांची वाट बघत होतो. काळुराम देईल असं वाटलेलं, तो बाहेर निघून गेला. त्याने दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काच पुसता पुसताच ती बोलली. "जागा मी तशीबी दिली असती. दुसरे येली विचारला असतास तर. मी पयले फेरीला सगल्यांनाच नाय बोलतंय."

मग म्हणाली, "माझे मालकांना मी रोज सकाली सांगतंय, महिपतरावांशी बोला, आता सोबत हाय तुमाला. महिना झाला सांगतंय. त्यांना आता काय सांगू? जिता मानूस टांगला मी भिंतीवर. रोज उदबत्ती लावली त्याला. माझे हातान पाप करवलास तू."

मी पाया पडायला वाकलो. तिने पाय मागे घेतले.

"उद्या आमुशा. बापसाला घेऊन ये. माझे समोर त्याला सांग. नाय तर सोमवारी तुझा इमान बाहेर."

घरी आलो. विमान भंगारात घालावं, पण अण्णांना सांगणं नको, असंही मनात आलं. महिनाभर ज्यासाठी एवढं केलं ते विमान मी पाच मिनिटांत सोडायला तयार झालो. कशासाठी? तर बापाशी खरं बोलावं लागू नये म्हणून. असा आहे मी. शी!

अण्णांना म्हटलं, उद्या विमान बघायला जायचं. ते लगेच उठले आणि इस्त्रीचा सदरा शोधायला लागले.

२१ सप्टेंबर, रविवार

रिक्षात सांगणार होतो. नाही सांगितलं. गिरणीच्या दारात सांगणार होतो. अण्णा काठी टेकत थेट विमानापाशी गेले. मी आणि काळुरामने धरून त्यांना सीटवर बसवलं. त्यांनी दांडी धरली, पायाने पेडल चाचपले, एकेक तार नजरेने शेपटीपर्यंत नेली. मग खाली उतरवायला सांगितलं. केशरबाई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "अण्णा, मी इथे..."

अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढलं. त्यातून निळ्या बॅकग्राउंडचा फोटो. दुसरी प्रत!

"पाच तारखेला तुझ्या पिशवीत डबा शोधताना मिळाला," म्हणाले. "त्यानंतर चिखल वाळला, ऊन पडलं, म्हणून सारखं काढत होतो ते काय विमानासाठी होय रे?"

मग मालकांचा हार घातलेला फोटो, शेजारचा रिकामा खिळा आणि केशरबाईच्या हातातला स्वतःचा फोटो पाहून त्यांनी तिला हात जोडले. "बाई, तो फोटो लावा परत तिथंच. तुमच्या मालकांना सोबत होईल. हार तेवढा आत्ता नको, तो सुमित आणेल वेळ आली की."