सरकवलेली बटणं

शनिवार, ता. ७ मार्च

ती. ताईस, साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे आम्ही ठीक. मागच्या वेळी फोन मी मध्येच ठेवला त्याचा राग मानू नकोस, दारात कुणीतरी आलं होतं. एरवी तुला हातानेच पत्र लिहितो, पण या वेळी ऑफिसच्या मशीनवरच टाइप करून टाकलंय. तेवढाच वेळ वाचतो.

ताई, आमच्या ऑफिसात पाणी मुरतंय.

तुला माहीत आहे, इमारतींचे नकाशे मी कॉम्प्युटरवर काढतो. त्या सॉफ्टवेअरमध्ये आपापली स्क्रीन आपल्याला हवी तशी मांडून घेता येते. कुठली बटणं कुठे, किती मोठी, कुठली पट्टी डावीकडे, कुठली खाली. मांडणीला नाव देऊन ती जपून ठेवायची, त्याला वर्कस्पेस म्हणतात. माझी मांडणी अकरा वर्षांची आहे. बारीक बटणं, एकमेकांना खेटून, सगळी डाव्या कोपऱ्यात. डोळे मिटूनही माझा माउस बरोबर जागी जातो. तू नाही का, अंधारात मिठाचा डबा काढतेस, तसं.

तर महिनाभरापासून कुणीतरी ती मांडणी बदलतंय. आधी बटणं जाडजूड झाली. मग खोडायचं बटण सरकवायच्या बटणाशेजारी होतं, ते उचलून पार उजव्या टोकाला नेऊन ठेवलं. परवा माउसच मंदावलेला! मी एकेक बटण ओढून सगळं पुन्हा पहिल्यासारखं लावतो, दोन दिवसांनी परत तेच. माझ्या मशीनला पासवर्ड नाही, आठ माणसांच्या ऑफिसात कधी लागलाच नव्हता.

संशय कुणाचा, ते सांगतो. चार महिन्यांपूर्वी शेजारच्या टेबलावर एक बाई आली. केसांत कायम भला मोठा चिमटा, म्हणून मनातल्या मनात मी तिला चिमटाच म्हणतो. तिची मुलं सकाळच्या शाळेत, त्यामुळे ती सगळ्यांच्या आधी तासभर येते. बोलणं गोड. “काका, चहा सांगू का?” मी नको म्हणतो. हल्ली मी जागेवर चहा घेतच नाही, नकाशांवर सांडायला नको. माझी खुर्ची खिडकीशी आहे, पगारही बरा. तिचा डोळा कशावर आहे हे कळायला ज्योतिषी कशाला हवा?

पुरावा म्हणून रोज संध्याकाळी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून ठेवतो. पण फोटो हललेले येतात. मोबाइल जुना झालाय.

काल कळस झाला. शाळेच्या इमारतीचा नकाशा छपाईला निघाला होता. चिमटा हळूच येऊन म्हणाली, “काका, दुसऱ्या मजल्यावर जिन्याजवळचा खांब गेलाय. बघता का?” बघतो तर खरंच नाही! आता तूच सांग, तिला कसं कळलं? ज्याने खोडला त्यालाच कळणार ना? मी तडक साहेबांकडे गेलो. ही माझ्या मशीनला हात लावते, एक तर ती राहील नाही तर मी, असं स्वच्छ सांगितलं. साहेबांनी तिला पुढचा आठवडाभर घरी बसवलंय. त्यानंतरच्या सोमवारी कायमचं काय ते ठरेल.

आता जरा शांतता आहे. झोप मात्र लागत नाही.

तुझा,
धाकटा


शुक्रवार, ता. १३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आधीचं पत्र मिळालं असेल तर ते फाडून टाक. नको, ठेव. माझा मूर्खपणा घरात कुठेतरी लिहिलेला असू दे.

चिमटा घरी बसली त्या दिवशी मी माझी मांडणी पुन्हा लावली, मशीनला पासवर्ड टाकला. ऑफिसची किल्लीही साहेबांकडून मागून घेतली, आधी येणारा मी आणि शेवटी निघणारा मीच. बुधवारपर्यंत त्याच शाळेचे दोन खांब गेले आणि मुलींचं अख्खं स्वच्छतागृह गेलं. ताई, संशय घ्यायला खोलीत माझ्याशिवाय कुणी उरलंच नव्हतं.

काल मी माउसवरच्या माझ्या हाताकडे बघत बसलो. सरकवायचं बटण दाबायला जातो आणि बोट शेजारी पडतं. खांब उचलून जागेवर ठेवायचा, तो पुसला जातो. मोबाइल काही जुना झालेला नाही.

मशीनमधल्या मांडण्यांची यादी उघडली. तिथे माझी होती, जशीच्या तशी, कुणी धक्काही लावलेला नव्हता. तिच्याखाली दुसरी, ‘काका, सावकाश’ या नावाची. ती लावली आणि दुपारभर काम केलं. एकही रेघ चुकली नाही.

मग तिला फोन केला. मला वाटलं रडेल, नाही तर गोड बोलेल. ती म्हणाली, “काका, चार महिने तुमचे खांब मी परत उभे करतेय. माझं काम टाकून. शेवटी म्हटलं, त्यापेक्षा बटणं हलवलेली बरी.”

मी म्हटलं, “मला सांगायचं ना आधी.”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?”

मागे तिची मुलं भांडत होती.

मला आपले बाबा आठवले. शिवणाच्या मशीनशेजारी सुया टोचायच्या चिमुकल्या गादीत तू शाळेत जाण्याआधी दहा सुया दोरा ओवून टोचून ठेवायचीस. बाबांनी कधी विचारलं नाही की कुणी ओवल्या, आणि तू कधी सांगितलं नाहीस. मी मात्र सगळ्यांना सांगायचो, बाबांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून. शेवटी शेवटी ते उजवा हात सदऱ्याच्या खिशातच ठेवायचे.

आज सकाळी साहेबांकडे गेलो. जाताना माझाही हात खिशात होता. म्हटलं, चूक तिची नाही, आणि खिशातून हात काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी हाताकडे बघितलं आणि तिला परत बोलवायचं ठरवलं. सोमवारपासून ती येतेय. माझे नकाशे यापुढे ती तपासणार, तिची सही झाल्याशिवाय काही छपाईला जाणार नाही. खिडकीची खुर्ची मीच तिला देऊ केली. ती नको म्हणाली तर माझी मोठी पंचाईत होईल, बघू.

बाबांना बघायचे ते डॉक्टर अजून आहेत का? नसतील तर दुसरे कोण, ते कळव. मी येतो. एकटा येणार नाही असं वाटतं, तू बरोबर चल.

आणि त्या दिवशी दारात कुणीही आलं नव्हतं. “हात कसा आहे रे?” एवढंच तू विचारलंस आणि मी फोन आपटला. हे पत्र मी टाइप केलेलं नाही. वाचायला त्रास झाला असेल, पण हे अक्षर तुला नवीन नाही. बाबांची शेवटची पत्रं तूच वाचून दाखवायचीस.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
तुझा भित्रा भाऊ