आज कोणासाठी आलात?

ओसाका, सोमवार

प्रिय योशिनारी,

पाकिटावर माझं नाव बघून तू ते न फोडताच बाजूला ठेवशील, असा मला दाट संशय आहे. तुझ्यावर संशय घेणं माझ्यासाठी नवं नाही म्हणा. आपला बँड, 'गिनमायु', बुडाला त्या संध्याकाळपासून तीस वर्षं मी तेच करत आलोय. क्लबच्या दारावरचा तो जाड्या आठवतो ना? तिकीट फाडताना प्रत्येकाला विचारायचा, "आज कोणासाठी आलात?" आणि त्या रात्री वाजवणाऱ्या बँडांपैकी ज्याचं नाव घेतलं जाईल त्याच्यापुढे वहीत रेघ ओढायचा. तीस रेघा झाल्या तर पुढच्या महिन्याची तारीख, नाहीतर घरी बसा. आपल्या एकोणतीस झाल्या. वर तो जाड्या आत येऊन हसत सांगतो काय, "रासेनकानसाठी आज एक म्हातारा आला होता! काळ्या झालरीवाल्या पोरींच्या गर्दीत एकटाच, बाहीला गवताची काडी. कोणासाठी विचारलं तर बँडांच्या पाटीकडे बघून पहिलं नाव ठोकून मोकळा!" सगळे पोट धरून हसले. तू तेवढा हसला नाहीस. मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. आणि सगळ्यांसमोर तुला विचारलं, "रासेनकानवाल्यांनी बोलावलंय ना तुला? म्हणून आपली माणसं तिकडे वळवलीस ना?" तू डोळ्यांचा काळा रंग पुसत होतास. पुसतच राहिलास. दुसऱ्या दिवशी तुझी खोली रिकामी.

महिन्याभरात रासेनकानमध्ये नवा गिटारवाला आला. अर्ध्या तोंडावर केस, ओठ जांभळे. तोंड रंगवून वाजवायच्या आपल्या धंद्यात एकदा रंग चढला की सख्खी आईसुद्धा ओळखायची नाही. मी ठरवलं, हाच तो. डोळ्यांना पटेना म्हणून कानांना कामाला लावलं. मी तुझा ढोलवाला. तार सोडताना तू किंचित थांबतोस, दारात चपला काढणाऱ्या पाहुण्यासारखा, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? रासेनकानची एकूण एक टेप ऐकली. ते फुटल्यावर तू आणखी कुठे शिरला असशील म्हणून बाकीच्यांच्या ऐकल्या. घरात पाय ठेवायला जागा उरेना तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून रस्त्याकडेला विकायला बसलो. त्या खोक्याचं आता अमेरिकामुराच्या बाजारात, तिसऱ्या मजल्यावर, दुकान झालंय. लोक मला जाणकार म्हणतात. जाणकार कसला, चोराच्या मागावर निघालेला माणूस मी.

तर एप्रिलमध्ये दुकानात एक मुलगी आली. वहीबिही घेऊन. म्हणाली, "काका, तोंड रंगवून वाजवणाऱ्या बँडांचं अगदी सुरुवातीपासून आजपर्यंत, प्रत्येक काळातलं ऐकलंच पाहिजे असं एकेक सांगा." माझे कान टवकारले. एवढी शिस्त गिऱ्हाइकाला नसते. तोक्योच्या एखाद्या दुकानाने माझी यादी चोरायला धाडलेली दिसते! पण गोड बोलून घेतलं. पहिल्यांदा 'एक्स' दिलं. म्हटलं, यांचे केस छताला टेकायचे आणि ढोल ऐकून माझ्यासारखे शंभर जण धंदा सोडायचे. मग 'बक-टिक', अंधारात ऐटीत कसं चालावं ते कळायला. पुढच्या आठवड्यात 'लुना सी'. मग 'मालिस मिझेर'; हे ऐकण्यापेक्षा बघायचं, असं लोक म्हणतात, पण लोकांचे कान कच्चे. त्यानंतर 'दिर आन ग्रे', उपाशीपोटी ऐकू नकोस असं बजावून. मग 'गॅझेट', तिच्या ताईच्या वयाच्या पोरींनी ज्यांच्यापायी माना मोडून घेतल्या ते. दर वेळी परत यायची, नीट बोलायची, एखादी बारीक जागा अचूक पकडायची, आणि शेवटी म्हणायची, "छान आहे काका. पण हे नाही."

हे नाही म्हणजे? ही शोधतेय काय? मी सापळा लावला. रासेनकानची जुनी टेप काढून दिली. आठवड्याने विचारलं, "गिटारवाला कसा वाटला?" पोरगी म्हणाली, "बोटं झकास आहेत. पण भारी घाईतला माणूस. हा कधी कोणासाठी थांबलेला नाही."

योशिनारी, मी स्टुलावर बसलो. इतक्या वर्षांत हजार वेळा ऐकलं असेल. तू तिथे नव्हतासच. संशयाने कान भरले की आत दुसरं काही जात नाही.

मग तिने खरं सांगितलं. "आमचं फुकुईला तातामीचं, गवताच्या चटयांचं, दुकान आहे. बाबा चटई शिवताना एक सूर गुणगुणतात. कोणाचा विचारलं की म्हणतात, रेडिओवर ऐकला असेल. कोणत्या काळातला तेही ठाऊक नाही, म्हणून सगळे काळ चाळतेय." आणि तिने गुणगुणून दाखवला. पडदा उघडण्याआधी तू पडद्यामागे वाजवायचास तो. कुठल्याही टेपवर नसलेला. मधे तो थांबा होता, जसाच्या तसा.

तातामी! आम्हाला तर तू सांगितलं होतंस, वडील बँकेत आहेत. मी सहज आजोबांबद्दल विचारलं. म्हणाली, "गेले ते. ओसाकाला म्हणे जन्मात एकदाच आले होते, बाबा घरी परतायच्या थोडं आधी. कशाला, ते कोणालाच सांगितलं नाही."

बाहीला गवताची काडी. बापाला तू बँडचं नाव सांगितलं नव्हतंस. आम्हाला बापाचा धंदा सांगितला नव्हतास. आपली हुकलेली तिसावी रेघ त्यांची होती. आणि ते काडीवरून कळून तू गप्प बसला होतास त्याच क्षणी मी तुला चोर ठरवलं. माझं चुकलं. हे लिहायला तीन कागद फाडले.

पण माफी मागायची तर एक कार्ड पुरलं असतं. हे पत्र तुझ्या चिहायासाठी आहे. रविवारी तुला तिने इथला एक पत्ता देऊन बोलावलंय ना, "या, काम आहे" एवढंच सांगून? तिचा बँड आहे, गिटार ती वाजवते. बँडचं नाव तुला सांगितलेलं नाही. का, विचारलं तर म्हणे, "बाबा हसतील." कोणावर गेलीय बघ. दोन महिने त्यांच्या रेघा कमी पडल्या, तरी मालकाने चालवून घेतलं. या वेळीही कमी पडल्या तर पुढची तारीख नाही. तो सूर कोणाचा हे मी तिला सांगितलेलं नाही, ते काम तुझं. दारावर माणूस नवा आहे, प्रश्न तोच. पाटीवर चार नावं असतील, तू पाटीकडे बघू नकोस. 'नेमुनोकी' म्हण. जरा मोठ्याने म्हण, मी रांगेत तुझ्या मागेच उभा असेन.

तुझाच, तालाला पक्का आणि कानाचा हलका,
तेत्सुजी